मोती गुरगुरत नाही, म्हणजे त्याला आवडतंय असं धरायचं का?

पत्र थोडक्यात असं: चाळिशीतल्या एका ताईंचा सात वर्षांचा लॅब्रेडोर आहे, आपण त्याला मोती म्हणूया. दीडेक वर्षापासून त्या दर शनिवारी त्याला थेरपी डॉग म्हणून, म्हणजे त्याला भेटून लोकांना बरं वाटावं म्हणून, एका वृद्धाश्रमात घेऊन जातात, रीतसर चाचणी वगैरे होऊन, एका संस्थेमार्फत. दोन तास, वीसेक माणसं. मोती सगळ्यांकडून लाड करून घेतो, कुणावर कधी गुरगुरलेला नाही. पण गेले काही महिने शनिवारी तो गाडीत चढायला तयार नसतो, बिस्किट दाखवून चढवावं लागतं, आणि घरी आला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपून असतो. नवरा म्हणतो, मुक्या जिवाचा छळ थांबव. तिकडे वृद्धाश्रमातला स्टाफ सांगतो की लोक शुक्रवारपासूनच मोती कधी येणार विचारत असतात. त्यात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेले एक आजोबा आहेत, त्यांना मोती म्हणजे त्यांचा जुना कुत्रा राजाच वाटतो, आणि ताई निघाल्या की "माझ्या कुत्र्याला कुठे नेतेस" म्हणून चिडतात, कधी रडतात; ताईंना आपण त्यांच्याशी खोटं बोलतोय असं वाटतं. पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत ताईंनी लिहिलंय की त्यांची स्वतःची आई शेवटची वर्षं अशाच ठिकाणी होती आणि त्यांना फारसं जायला जमलं नाही. त्यांचा प्रश्न: बंद केलं तर त्या माणसांचं मन मोडेल, चालू ठेवलं तर मोतीवर अन्याय होतोय का? आणि तो कधी गुरगुरत नाही म्हणजे त्याला त्रास होत नसणार ना?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

नाही, गुरगुरत नाही म्हणजे त्रास नाही असं अजिबात नसतं. गुरगुरणं ही फार पुढची पायरी आहे, त्याच्या आधी कुत्रा खूप काही सांगून झालेला असतो, आणि मोतीसारख्या मायाळू, शिकवलेल्या कुत्र्यांची तर गंमत अशी की आपणच त्यांना न गुरगुरण्याबद्दल वर्षानुवर्षं शाबासकी दिलेली असते आणि चाचणीतही नेमकं तेच बघितलं जातं, अनोळखी माणसाने जरा आडवंतिडवं हाताळलं, काठी आपटली, मागून कुणी मोठ्याने ओरडलं तरी कुत्रा शांत राहतो का. म्हणजे मोती पास झाला तो सहन करता येतं म्हणून. त्याला ते आवडतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो एकदा विचारून संपत नाही, दर शनिवारी नव्याने विचारायचा असतो.

मग बघायचं काय? झोप आलेली नसताना जांभई देणं, समोर खाऊ नसताना ओठ चाटत राहणं, कुणी हात पुढे केला की तोंड दुसरीकडे फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसणं, पुढचा एक पंजा हलकेच उचलून धरणं, उकडत नसताना धापा टाकणं, आणि एखाद्या खोलीतून बाहेर पडल्या पडल्या अंग ओलं असल्यासारखं झाडणं. यातली एखादी गोष्ट एकदा दिसली म्हणून घाबरायचं काही नाही, आपणही मीटिंगमध्ये जांभया देतोच. पण एकाच भेटीत तीनचार दिसायला लागल्या आणि तासाभराने वाढत गेल्या तर तो बोलतोय. शेपटीवर तर मुळीच विसंबू नका, शेपूट ताणातही हलते, ती सैल आणि सबंध कंबरेसकट हलतेय की ताठ, आखूड हलतेय ते बघायचं.

एक साधी गोष्ट घरी करून बघा आणि मग तिथे. मोतीला तीनचार सेकंद कुरवाळायचं, हात काढून घ्यायचा आणि गप्प बसायचं. तो पुढे सरकला, डोकं तुमच्या हाताखाली घातलं तर हवंय. जागेवरच थिजून राहिला, किंवा मान वळवून दुसरीकडे बघायला लागला तर नकोय, निदान आत्ता नकोय. आणि हे करताना पट्टा सैल हवा, कारण पट्टा आखूड धरलेला असला की त्याला निघून जायची सोयच उरत नाही आणि मग तो थांबला याला आपण "बघा किती प्रेमाने बसलाय" म्हणतो!

पण थांबा, लगेच अपराधी वाटून घेऊ नका, कारण हे सगळं मनाचंच असेल असंही नाही. सात वर्षांचा लॅब्रेडोर म्हणजे आता तो तरणा राहिलेला नाही, या जातीत कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्यांची दुखणी भरपूर, वजन चटकन वाढतं, कान पिकतात, थायरॉइड मंदावतो. गाडीत उडी मारणं हेच त्याला दुखत असेल. वृद्धाश्रमातल्या गुळगुळीत फरशीवर दोन तास पाय घसरू न देता चालणं हाही सांध्यांना चांगलाच व्यायाम आहे. म्हणून आधी एक बघा: इतर दिवशी फिरायला जायचं म्हटलं की तो गाडीत चढतो का? सगळ्याच दिवशी कुरकुरत असेल तर दुखण्याचा संशय जास्त आणि व्हेटकडे जाणं पहिलं काम. बाकी दिवशी टुणकन चढतो आणि फक्त शनिवारी, ते थेरपी डॉगचं वेस्ट, म्हणजे जॅकेट, अंगावर चढवलं की पाय रोवून बसतो, तर मग त्याला कुठे जायचंय ते कळलंय आणि त्याचं उत्तर तुम्हाला मिळतंय. तरीही व्हेटकडे जाच, कारण दोन्ही एकत्रही असू शकतं, जिथे दुखतं तिथे जायचा कंटाळा कुणालाही येतो.

आणि ते बिस्किट. बिस्किट दाखवून गाडीत चढवणं म्हणजे त्याचा नकार विकत घेणं झालं. रागावू नका, पण मला हे असंच दिसतं.

आता दोन तास आणि वीस माणसं. ताई, हे खूप आहे हो. थेरपी प्राण्यांचं काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पेट पार्टनर्स या संस्थेच्या नियमात दिवसाला जास्तीत जास्त दोन तास अशी मर्यादा आहे, आणि जास्तीत जास्त म्हणजे दर वेळी तेवढे भरायचे असं नाही. हॉस्पिटलांमधल्या संसर्गावर काम करणाऱ्या SHEA या अमेरिकन संघटनेने २०१५ मध्ये प्राण्यांच्या भेटींबद्दल ज्या शिफारसी दिल्या त्यात तर भेट एका तासाच्या आत संपवा असं म्हटलंय, कारण दमलेल्या प्राण्याकडून चूक व्हायची शक्यता वाढते. पाहुण्यांसमोर हसतमुख बसलेला माणूस दार लावल्यावर सोफ्यावर कोसळतो ना, मोतीची ती रविवार सकाळपर्यंतची झोप मला तशी वाटते. नवीन माणूस, नवीन वास, औषधांचा वास, फिनेलचा वास, व्हीलचेअरची करकर, टीव्ही, उकाडा, आणि वीस अनोळखी हात, त्यातले काही डोक्यावर थापटणारे, आणि डोक्यावरून थापटणं बहुतेक कुत्र्यांना मनापासून आवडत नाही.

वीस माणसांपैकी सगळ्यांना ते हवंही असतं का हाही प्रश्नच आहे. तुम्ही हॉलमध्ये गोल करून बसवता का, की खोलीखोलीत जाता, ते पत्रात नाहीये, पण विचारते कारण यावर अभ्यास झालेला आहे. बँक्स आणि बँक्स या संशोधकांनी २००५ मध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांवर एक छोटा अभ्यास केला, काहींना कुत्रा एकेकट्याने भेटला, काहींना गटात, आणि एकटेपणा जास्त कमी झाला तो एकट्याने भेटलेल्यांचा. कुत्र्यामुळे सगळे एकमेकांशी बोलायला लागतात आणि त्याने बरं वाटतं असा आपला समज, तर तसं काही तिथे दिसलं नाही, माणूस आणि कुत्रा यांच्यातली ती शांत अर्ध्या तासाची भेटच कामाची ठरली. मोठा अभ्यास नाही, त्यावर फार इमले बांधू नयेत, पण तुमच्यापुरता सरळ अर्थ निघतो की वीसजणांच्या डोक्यावरून मोती फिरवण्यापेक्षा तीनचार जणांकडे निवांत बसणं त्यांच्याही भल्याचं आणि मोतीच्याही. आठवडे वाटून घ्या, या शनिवारी हे चौघं, पुढच्या शनिवारी ते.

त्याच बँक्सबाईंच्या मंडळींनी २००८ मध्ये अजून एक गमतीशीर तुलना केली. काही लोकांकडे खरा कुत्रा, काहींकडे सोनीचा आयबो हा यंत्रकुत्रा, आणि काहींकडे कुणीच नाही. खऱ्या कुत्र्याने एकटेपणा कमी झाला, हे अपेक्षितच, पण आयबोनेही झाला! मी हे वाचून बराच वेळ विचार करत होते, कारण आपण समजतो की सगळी जादू त्या मऊ केसांत आणि ओल्या नाकात आहे. मला यातून जे दिसतं ते असं की कुणीतरी ठरल्या वेळी आपल्यासाठी येतं, आपल्या खोलीत आपल्यापुरतं थांबतं, आणि निघताना पुन्हा येणार असं असतं, यातही खूप काही आहे. म्हणजे मोती बाजूला ठेवला तरी पट्ट्याच्या या टोकाला जे माणूस आहे, त्याला तुम्ही पत्रात धरलेलंच नाहीये. लोक मोती कधी येणार विचारतात कारण "ती बाई कधी येणार" हे विचारायला संकोच वाटतो, कुत्र्याबद्दल विचारणं सोपं असतं. खरं सांगा, दीड वर्षात त्यांच्या नातवंडांची नावं, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाला खिडकी उघडी लागते, हे मोतीला माहितेय की तुम्हाला?

म्हणून तुम्ही जे दोनच पर्याय मांडलेत, चालू ठेवायचं नाहीतर बंद करायचं, ते मला मान्य नाहीत. मोती थांबला तरी तुम्ही थांबायची गरज नाही. तुम्ही एकट्या जाऊ शकता. पहिल्या एकदोन वेळा "आज मोती नाही?" ऐकावं लागेल, थोडं ओशाळल्यासारखं होईल, मग गप्पा सुरू होतील. त्याचे फोटो घेऊन जा, त्याने काय उपद्व्याप केला ते सांगा, लोकांना त्याची बातमी हवी असते.

कुत्र्याला अशा कामात घेण्याची आधुनिक सुरुवात ज्यांच्यापासून धरतात ते बोरिस लेविन्सन नावाचे अमेरिकन बालमानसतज्ज्ञ, त्यांनी १९६२ मध्ये लिहिताना आपल्या कुत्र्याला, जिंगल्सला, सहउपचारक म्हटलं होतं. आणि ती गोष्टही अशी की जिंगल्स योगायोगाने तिथे होता, एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधीच आला, आणि जिंगल्स आपणहून त्याच्याकडे गेला. बिस्किट नव्हतं, वेस्ट नव्हतं. सहउपचारक म्हणायचं असेल तर त्या सहकाऱ्याला रजा, आजारपण आणि निवृत्ती हे सगळं आलंच की.

आता आईबद्दलची ती ओळ. तुम्ही ती सहज टाकल्यासारखी टाकलीये पण मला ती सगळ्यात जड वाटली. आईकडे जाणं झालं नाही, म्हणून आता कुणाच्या तरी आईकडे दर शनिवारी जायचंच, एकही चुकवायचा नाही, हे मी समजू शकते, आणि त्यात वाईट काही नाही, चांगल्या कामांमागे बरेचदा असंच काहीतरी असतं. फक्त ते देणं तुमचं आहे, मोतीचं नाही. एखादा शनिवार रद्द करायची वेळ आली की तुमच्या पोटात जो गोळा येतो तो मोतीसाठीही नसतो आणि त्या वीस माणसांसाठीही नसतो, असं तर नाही ना? उत्तर मला कळवू नका, पण स्वतःशी बघा. आणि नवऱ्याशीही या भागावर बोला, कारण ते छळ हा शब्द वापरतायत तो जास्तच आहे, पण त्यांना शनिवार रात्री दमलेला कुत्रा आणि बहुतेक दमलेली बायको दोन्ही दिसत असणार.

आजोबांचं काय करायचं? तुम्हाला आपण खोटं बोलतोय असं वाटतं असं तुम्ही लिहिलंय. डिमेन्शियात "हा राजा नाही, राजा तर केव्हाच गेला" असं दुरुस्त करायला गेलं तर त्यांना राजा गेल्याची बातमी दर शनिवारी नव्याने कळेल, ते करू नका. आणि "हो हा राजाच" असं जोर लावून सांगायचीही गरज नसते. मधली वाट अशी की "राजा कसा होता हो? रात्री कुठे झोपायचा?" असं विचारायचं, म्हणजे ते बोलतात, आणि त्यांचं जे खरं आहे, त्या कुत्र्यावरचं प्रेम, ते तसंच राहतं. खरी अडचण निघतानाची आहे. "आता याला नेते" हे शब्दच काढून टाका. "याला पाणी प्यायचंय", "याला शू लागलीये", ही कारणं खरी असतात आणि कुठल्याही कुत्रेवाल्या माणसाला लगेच पटतात. निघायच्या पाच मिनिटं आधी त्यांच्या हातात ब्रश द्या, ते ब्रश करतील, काम पूर्ण झालं की निरोपही सोपा जातो. त्याच वेळी स्टाफपैकी कुणीतरी त्यांच्याकडे येऊन बसेल, चहा किंवा रेडिओ किंवा जे त्यांना आवडतं ते, हे आधी ठरवून ठेवा. आणि त्यांच्याकडे जायचं ते सुरुवातीला, मोती ताजातवाना असताना.

एवढं करूनही ते दर वेळी रडत, चिडत असतील आणि तो त्रास तुम्ही गेल्यावरही बराच वेळ राहत असेल तर ताई, ती भेट त्यांच्या भल्याची नाही असं समजून थांबवायची, हा निर्णय त्यांच्या घरच्यांनी आणि स्टाफने तुमच्यासोबत बसून घ्यायचा, एकटीने नाही. स्टाफला हेही सांगा की शुक्रवारपासून घोषणा करू नका. शनिवारी मोती दारात आला की मगच सांगायचं. म्हणजे मोतीला ऐनवेळी नाही म्हणायची मुभा राहते आणि कुणी वाट बघत बसत नाही.

बाकीच्या वाचकांपैकी ज्यांना हे काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी थोडं, कारण अशी पत्रं अधूनमधून येतात आणि सगळ्यांत एकच वाक्य असतं, "आमचा कुत्रा सगळ्यांवर प्रेम करतो". सगळ्यांवर झेप घेऊन प्रेम करणारा कुत्रा या कामाला बरेचदा जमत नाही, म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, एक नख लागलं तरी जखम आणि निळा डाग. नखं कापून घासलेली हवीत. कुत्रा किमान वर्षाचा, लसीकरण आणि जंतांचं औषध वेळेवर, आणि त्याला कच्चं मांस खायला घालत असाल तर हे काम नको, कारण अशा कुत्र्यांच्या पोटातून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू बाहेर पडू शकतो, कुत्रा ठणठणीत दिसत असताना, आणि समोरच्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी असते. प्रत्येक माणसाने कुत्र्याला हात लावायच्या आधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, तोंड चाटू द्यायचं नाही, जखमेजवळ नाही, पलंगावर घ्यायचा तर खाली वेगळी चादर. पट्टा वॉकरच्या पायात अडकू देऊ नका. जमिनीवर नजर ठेवा, पडलेली गोळी कुत्रा आपल्याआधी शोधतो, आणि आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल त्याच्यासाठी विषच. लोक प्रेमाने खिशातून चॉकलेट, मनुका काढतात, तेही नको, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली गोळी तर अजिबात नको. दारावर टकटक करून विचारायचं, कुत्रा आलाय, येऊ का, आणि नको म्हटलं तर हसून पुढे जायचं, कारण लहानपणी चावलेला कुत्रा सत्तर वर्षांनीही आठवतो. फोटो परवानगीशिवाय काढायचे नाहीत, स्टेटसला तर मुळीच नाही. आणि थेरपी डॉग म्हणजे सर्व्हिस डॉग नव्हे, सर्व्हिस डॉग एकाच अपंग माणसासाठी ठरावीक कामं शिकलेला असतो, थेरपी डॉगला त्याच्यासारखं कुठेही घेऊन जायचा हक्क आपोआप मिळत नाही. संस्थेमार्फतच जा, विम्याचं विचारून घ्या.

ताई, तुमच्याकडे परत येते. मला विचाराल तर पुढचे चारपाच शनिवार मोतीला पूर्ण सुट्टी द्या आणि तुम्ही एकट्या जा, अर्ध्या वेळासाठी का होईना. संस्थेला स्पष्ट कळवा की कुत्रा विश्रांतीवर आहे, हे लपवायचं काही नाही, चांगल्या संस्थांना असं सांगणारी माणसं हवीच असतात. त्या काळात व्हेटची तपासणी, वजन, सांधे, लागलं तर गाडीसाठी रॅम्प. मग एकदा तीसचाळीस मिनिटांसाठी नेऊन बघा, फक्त दोघातिघांकडे, आणि नेताना बिस्किट नाही, वेस्ट जमिनीवर ठेवायचं आणि थांबायचं. तो आला, डोकं घातलं, तर जा. नाही आला तर त्याला घरी ठेवून तुम्ही निघा. असं दोनतीनदा नाही झालं तर तो निवृत्त झाला म्हणून जाहीर करा, वृद्धाश्रमात नीट सांगून, एकदा भेटवून, आणि दुसरी कुत्रेवाली जोडी पाठवता येईल का ते संस्थेला विचारून. सात वर्षांच्या कुत्र्याने दीड वर्ष काम केलं, पुष्कळ झालं.

व्हेटकडे जाताना फोनवर दोन व्हिडिओ घेऊन जा, एक नेहमीच्या फिरण्याचा आणि एक शनिवारी गाडीपाशी पाय रोवून बसल्याचा, दोन्हीत त्याची चाल आणि मागचे पाय दिसतील असे, कारण दवाखान्यात गेल्यावर तो शहाण्यासारखाच वागणार आणि तुम्हाला तोंडी काही पटवता येणार नाही.